नॅनो तंत्रज्ञानाचे मास्क खरंच विषाणू मारतात का?
काही मारतात. पण मारण्यापेक्षा अडवणं महत्त्वाचं, आणि नॅनोचा खरा उपयोग मला तिथेच दिसतो.

कोरोनाचा विषाणू साधारण 100 नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). एन-95 मास्कमधला पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचा थर त्याला नुसता चाळणीसारखा गाळत नाही. तंतूंवर विद्युतभार असतो, तो कण ओढून घेतो. म्हणूनच मास्क स्पिरिटमध्ये बुडवला की भार उतरतो. दिसायला धडधाकट, पण गाळण्याची ताकद गेलेली! नॅनोतंतूंचं तसं नाही. पॉलिमरचं, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचं द्रावण हजारो व्होल्ट लावून सुईतून खेचलं की काहीशे नॅनोमीटर जाडीचे धागे निघतात. ते इतके बारीक की भार नसला तरी कण अडकतात, आणि थर पातळ असल्याने श्वासालाही फार जोर लागत नाही.

मारायचं काम मास्कवरच्या लेपाचं. त्यासाठी चांदी-तांब्याचे नॅनोकण वापरतात. पुण्याच्या थिंकर टेक्नॉलॉजीज या कंपनीने 2021 मध्ये वेगळी वाट धरली: साबणाच्या जातीचं सोडियम ओलेफिन सल्फोनेट, जे विषाणूचं स्निग्ध आवरण फोडतं. मला ही वाट जास्त पटते, कारण नॅनोकण सुटून फुप्फुसात गेले तर काय, हा प्रश्न गंभीर आहे. एप्रिल 2021 मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने याच शंकेवरून ग्राफीनचे (कार्बनच्या अतिपातळ थराचे) मास्क वापरू नका, असं सांगितलं होतं.

विकत घेताना आधी गाळण्याचं प्रमाण बघा, मग लेप. आणि नाकाशी फट राहत असेल तर तो मास्क घेऊ नका.