बॅकयार्डातलं घर आणि सिटीचे साठ दिवस

प्रश्न: कॅलिफोर्नियात सान्ता क्लारा काउंटीत आमचं घर आहे. नाशिकहून सासू-सासरे दरवर्षी पाच-सहा महिने येतात आणि घर अपुरं पडतं. म्हणून मागे ७४० चौरस फुटांचं, एका बेडरूमचं वेगळं घर (एडीयू) बांधायचं ठरवलं. अर्ज देऊन ७५ दिवस झाले. सिटीच्या काउंटरवर सांगतात की शेजाऱ्यांची हरकत आली आहे, शिवाय दोन गाड्यांची जागा दाखवा. एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) म्हणते, एका प्लॉटवर दुसरं घर आमच्या नियमांत बसत नाही. आता काय करावं?

उत्तर: सिटीला तुम्ही पाठवलेली ईमेल वाचली. भाषा फारच अजिजीची आहे. तुम्ही मेहरबानी मागत नाही आहात, हे आधी लक्षात घ्या. कॅलिफोर्नियात एडीयूचा अर्ज नियमांशी ताडून बघायचा आणि बसत असेल तर मंजूर करायचा, एवढंच सिटीच्या हातात असतं. सुनावणी नाही, त्यामुळे शेजाऱ्यांच्या नाराजीला या प्रक्रियेत जागाच नाही. त्यांच्याशी बोलायचं असेल तर चहाला बोलवा, पण त्यांच्या होकारासाठी अर्ज अडवून ठेवता येत नाही.

पार्किंगचं तर सिटी साफ चुकते आहे. एका बेडरूमच्या एडीयूसाठी जास्तीत जास्त एक जागा मागता येते, दोन कधीच नाहीत. आणि घरापासून अर्ध्या मैलाच्या चालीवर सार्वजनिक वाहतूक असेल तर तीही नाही. इथे लोक फक्त रेल्वे स्टेशन शोधतात. ठरलेल्या मार्गावरच्या बसचा साधा थांबाही चालतो. नकाशावर चालायचं अंतर मोजा आणि तो कागद जोडा. संबंधित कलम आहे गव्हर्नमेंट कोड ६६३२२.

आता ७५ दिवसांचं. कलम ६६३१७ प्रमाणे साठ दिवसांत सिटीने मंजुरी द्यायची, किंवा नाकारायचं असेल तर त्रुटींची पूर्ण यादी आणि त्या कशा दुरुस्त करायच्या हे लेखी द्यायचं. दोन्ही केलं नाही तर अर्ज मंजूर झाला असं मानलं जातं. पण हे साठ दिवस मोजायचे ते परिपूर्ण अर्ज पोचल्यापासून, पहिल्यांदा फाइल अपलोड केल्याच्या दिवसापासून नव्हे. म्हणून तुमच्या आर्किटेक्टकडून दोन गोष्टी काढून घ्या: अर्ज परिपूर्ण असल्याची नोंद पोर्टलवर कोणत्या तारखेची आहे, आणि प्लॅन चेकचे, म्हणजे सिटीने केलेल्या नकाशा-तपासणीचे, लेखी शेरे आले होते का, कधी. काउंटरवरचं तोंडी बोलणं म्हणजे शेरे नव्हेत. मुदत खरोखर उलटली असेल तर कलमाचा उल्लेख करून लेखी मंजुरी मागा आणि प्रत राज्याच्या गृहनिर्माण खात्याला, म्हणजे एचसीडीला, पाठवा. हे खातं सिटीला कायदा मोडल्याबद्दल नोटीस देऊ शकतं. तरीही परमिटचा कागद हातात येईपर्यंत पाया खणू नका.

एचओएला एक पत्र पुरेल. सिव्हिल कोड ४७५१ प्रमाणे एडीयूला बंदी घालणारी किंवा ते अवाजवी अडवणारी त्यांची अट रद्दबातल आहे. रंग, कौलं यांबद्दलच्या वाजवी अटी ते घालू शकतात, त्या मान्य करून टाका.

७४० हा आकडा आर्किटेक्टने उगाच काढलेला नाही. ७५० चौरस फुटांपर्यंत सिटीची इम्पॅक्ट फी, म्हणजे नव्या बांधकामाचा सार्वजनिक सोयींवर पडणारा भार म्हणून घेतात ती, लागत नाही. त्यामुळे आता ‘बाथरूम जरा मोठी करू’ म्हणत ७८० वर जाऊ नका. शाळांसाठी बांधकामावर घेतली जाणारी फी मात्र ५०० च्या वर गेल्यामुळे लागू शकते, ती खर्चात धरा. प्रॉपर्टी टॅक्सच्या हिशेबात जुन्या घराचं मूल्य जसंच्या तसं राहतं, नव्या बांधकामाचं तेवढं वाढतं.

शेवटी तुम्ही ओझरता उल्लेख केलेला तो कॉन्ट्रॅक्टर, ‘आधी बांधू, परमिट मागाहून बघू’ म्हणणारा. गुंठेवारी नियमित होताना पाहिलेल्या माणसाला हे पटकन पटतं! इथे बिनपरवाना एडीयूंना मिळालेली कायद्याची सवलत १ जानेवारी २०२० पूर्वीच्या बांधकामांपुरती आहे. तुमचं त्यात बसणार नाही. त्याला दिलेली अनामत परत मागा.