उंचीची चिंता लागलेल्या विद्यार्थ्याला

डिचोली

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. उत्तर दोन ओळींत उरकण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. उंचीमुळेच तुला संघाबाहेर बसवतात असं तू धरून चालला आहेस. ते खरं की खोटं, हे तुझ्या कोचला सरळ विचार. मी उंचीपुरतं बोलतो.

डॉक्टरांचा एक ढोबळ हिशेब असतो. आईबाबांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवायची, मुलगा असेल तर त्यात 13 घालायचे, मुलगी असेल तर 13 वजा करायचे, आणि आलेल्या आकड्याचे निम्मे करायचे. समज, बाबा 166 आणि आई 152. बेरीज 318, अधिक 13 म्हणजे 331, निम्मे 165.5. पण हा आकडा कपाळावर लिहिलेला नसतो. त्याच्या आठेक सेंटिमीटर खाली-वर, म्हणजे 157 ते 174 यांमध्ये तो मुलगा कुठेही थांबू शकतो. नीट खायला-प्यायला मिळणाऱ्या मुलांमध्ये उंचीतला सुमारे 80 टक्के फरक आनुवंशिक असतो. उरलेला भाग थोडका समजू नकोस. दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. तेवढ्यात रक्त काही बदललं नाही, ताट बदललं आणि आजारपणं कमी झाली.

तुझी खरी अडचण मात्र वेळापत्रकाची दिसते. सहावी-सातवीत प्रार्थनेला मुलींची रांग मुलांपेक्षा उंच असते, कुठलाही पीटीचा मास्तर सांगेल. मुलींची झपाट्याची वाढ साधारण अकरा-बाराव्या वर्षी होते, मुलांची तेरा-चौदाव्या. त्या ऐन वर्षात मुलगा नऊ-दहा सेंटिमीटरही वाढतो. पण हे सरासरीचं झालं. कुणाची गाडी बाराव्या वर्षी सुटते, कुणाची पंधराव्या. वर्गात आधी ताडमाड झालेला बऱ्याचदा आधीच थांबतो. हाडांच्या टोकांशी कूर्चेची पातळ पट्टी असते, हाड तिथेच लांबतं. वयात येण्याचा काळ सरत आला की ती पट्टी हाडात मिसळून जाते, मुलींमध्ये बहुधा चौदा-पंधरापर्यंत, मुलांमध्ये सोळा-सतरापर्यंत. गंमत म्हणजे इस्ट्रोजेनला आपण बायकांचं संप्रेरक म्हणतो, पण मुलग्यांच्या पट्ट्याही तेच बंद करतं. तुझं तेरावं संपत आलंय, आवाज फुटलेला नाही. म्हणजे तुझ्या पट्ट्या बहुधा उघड्याच आहेत.

आता जेवण. तू ताटातलं नुस्तं, म्हणजे मासे, बाजूला सारतोस आणि नुसत्या हुमणाच्या रश्शाशी शीत, म्हणजे भात, कालवून उठतोस, असं आईने सांगितलं. सकाळी पाव-भाजी, संध्याकाळी पुन्हा पाव आणि वर चिप्स. पोट भरतं, पण हाडाला लागणारं त्यात फार थोडं. तारले मासे स्वस्त असतात, त्यांत प्रथिनंही आहेत आणि मऊ काट्यासकट खाल्ले तर कॅल्शियमही. सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर तर तुला आवडते. श्रावणात घरी शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतं तेव्हा अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक, म्हणजे उसळ, मूग, दही. तुझ्या वयाला दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या घरात असतं. आजी तिझान, म्हणजे नाचणीची खीर, करते ते नाक मुरडून परत पाठवू नकोस, एवढंच.

झोप आठ ते दहा तास हवी. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत जोरात स्रवतं. मला तुझे मेसेज रात्री दीडला येतात, यावर वेगळं काय लिहू?

बारला लटकून उंची वाढते का, असं विचारलं आहेस. नाही. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून माणूस सेंटिमीटरभर बसतो, झोपून उठला की परत तेवढाच होतो. लटकल्याने मिळतं ते तेवढंच, आणि तेवढ्याच वेळापुरतं. लटक जरूर, खांदे मजबूत होतील. वजनं उचलल्याने उंची खुंटते हीही अफवाच, फक्त शिकवणारा समोर हवा.

उंची वाढवायच्या पावडरीच्या डब्यावर आईचे पैसे घालवू नकोस. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात, ज्यांवरच्या औषधांची जाहिरात करायला मनाई आहे त्या यादीत माणसाची उंचीही आहे. पावडरवाले मग तिला अन्न म्हणतात आणि डब्यावर उंच पोराचं चित्र छापतात. मेस्सीचा दाखला दिलास, तर त्याला वाढीच्या संप्रेरकाची कमतरता होती आणि ती तपासून ठरलेली होती. इंजेक्शनं त्यासाठी होती. आणि हो, दम्याचा पंप उंचीच्या भीतीने बंद केलास तर माझ्याशी गाठ आहे. पंपातल्या स्टिरॉइडने फार तर एखाद्या सेंटिमीटरचा फरक पडतो. दमा आटोक्यात नसेल तर वाढच मार खाते.

तू रोज मोजतोस, ते बंद कर. सहा महिन्यांतून एकदा, सकाळी, अनवाणी. टाचा, ढुंगण, पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर जाड पुस्तक आडवं. रेघ आईने मारायची, तू नाही. तू मान ताणतोस. दोन रेघांमधलं अंतर महत्त्वाचं. वर्षाला चार सेंटिमीटरही भरत नसतील, किंवा चौदा पूर्ण होऊनही वयात येण्याची एकही खूण नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, हवं तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, थायरॉइड आणि रक्त तपासतात. तुझ्या बहिणीलाही सांग: तेरा पूर्ण होईपर्यंत मुलीत काहीच बदल दिसला नाही, तर थांबायचं नाही.

बाबा चवथीला, गणपतीत, बोटीवरून आले की त्यांनाही भिंतीला उभं कर. फोनवर सांगितलेला आकडा धरू नकोस, पुरुष आपली उंची वाढवूनच सांगतात. आणि त्यांना विचार, ते स्वतः कितवीत असताना वाढले. दहावीनंतर म्हणाले तर मला लगेच कळव, तूही त्यांच्यासारखा उशिरा वाढणारा असू शकशील.

तुझे,
सर