आयनिक द्रव, आयनिक द्रावक आणि एक अकारण द्रावण

प्रश्न असा आला आहे: सेंद्रिय संश्लेषणात वापरल्या जाणाऱ्या ‘आयॉनिक लिक्विड’ला मराठीत ‘आयनिक द्रावण’ म्हणावे की ‘आयनिक द्रावक’, आणि तो पदार्थ अभिक्रियेत स्वतः भाग घेत असेल तर त्याला अभिक्रियाकारक म्हणता येईल का?

‘आयनिक द्रावण’ हा प्रयोग व्याख्यानांतून इतक्या सर्रास कानांवर पडतो की त्याचे उत्तर आधी देऊन टाकतो: तो चूक आहे. द्रावण म्हटले की द्राव्य आणि द्रावक हे दोघे आलेच. मीठ पाण्यात विरघळवले की आयनांचे (विद्युत्भार असलेल्या कणांचे) द्रावण होते आणि त्यासाठी नवी संज्ञा कोणी मागितलेली नाही. येथे गोष्ट चालली आहे ती निखळ क्षाराची, म्हणजे आयनांनीच बनलेल्या पदार्थाची. साधे मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते; जो क्षार १०० अंशांच्या आतच वितळतो, त्याला आयनिक द्रव म्हणण्याचा संकेत आहे. रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये वर्णन केलेले एथिल अमोनियम नायट्रेट तर सुमारे १२ अंशांनाच वितळते. धनायन (धन भाराचा आयन) मोठा आणि बेढब असला, ऋणायनावरचा (ऋण भाराच्या आयनावरचा) भार पसरलेला असला, की दोघांना स्फटिकात नीट रचून बसता येत नाही, म्हणून हे घडते. भांड्यात आयनांखेरीज दुसरे काही नसताना द्रावण कशाचे आणि कशात?

द्रव, द्रावक, द्रावण हे तिन्ही शब्द ‘द्रु’ म्हणजे धावणे या धातूचे, हे शाळेतच कळते. तेथे रेंगाळत नाही. (बरेचसे आयनिक द्रव पाण्याच्या कित्येक पट चिकट असतात आणि धावण्याचे नाव घेत नाहीत, हा भाग वेगळा.) खरी गंमत ‘आयन’मध्ये आहे. मायकेल फॅरडे यांना १८३४ मध्ये विद्युत्-अपघटनासाठी (विजेने पदार्थाचे घटक वेगळे करण्यासाठी) नवे शब्द हवे होते आणि केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांनी ते ग्रीकमधून घडवून दिले. ‘इऑन’ म्हणजे ‘जाणारे’. हा ग्रीक धातू आणि आपला ‘इ’ (एति, म्हणजे जातो) एकाच मूळ भाषेतून आलेले सख्खे भाऊ आहेत. ‘ॲनायन’ (आपला ऋणायन) म्हणजे अक्षरशः ‘वर जाणारे’, आणि आपला ‘उदय’ हाही उत् अधिक इ, म्हणजे ‘वर जाणे’च. ज्या शास्त्रात हे आयन नांदतात त्या ‘रसायन’ शब्दातला ‘अयन’ही त्याच धातूचा आहे.

यावर परिभाषेतले काही जाणकार सांगतात की ‘आयन’ हे इंग्रजी उच्चाराचे निव्वळ लिप्यंतर आहे, त्यात अयन शोधणे हा हौशी लोकांचा खेळ. लिप्यंतर आहे हे मान्य. पण नाते लिप्यंतराने तुटत नाही. दुसऱ्या टोकाला फॅरडे यांनी हा शब्द संस्कृतातून उचलला असे सांगणारेही भेटतात; त्यांनी भाऊ आणि बाप यांतला फरक आधी समजून घ्यावा. माझे म्हणणे एवढेच की पहिल्या परिभाषाकारांनी ऱ्हस्व ‘अयन’ स्वीकारला असता तरी काही बिघडले नसते, कारण धन अधिक अयन केले काय किंवा धन अधिक आयन केले काय, संधी ‘धनायन’ अशीच होते. संस्कृतात दीर्घ ‘आयन’चा अर्थ तर ‘येणे’ असा आहे, म्हणजे जाणाऱ्याला आपण उलट्या दिशेने चालवले! ‘ऋणायन’मधला न मात्र बरोबर आहे. उत्तरायणात र मुळे न चा ण होतो, पण दक्षिणायनात मध्ये आधीच एक ण आडवा येतो आणि शेवटचा न तसाच राहतो. ऋणायनाचे तसेच आहे. ‘ऋणायण’ लिहिणाऱ्यांनी दक्षिणायन कसे लिहितात ते आठवावे.

आता उरलेला प्रश्न. ‘द्रव’ हा शब्द अवस्था सांगतो, ‘द्रावक’ हा शब्द काम सांगतो. म्हणून संज्ञा ‘आयनिक द्रव’ हीच ठेवावी आणि कामाचे नाव काम पाहून द्यावे. बीएएसएफ कंपनीने २००२ मध्ये सुरू केलेल्या बेसिल प्रक्रियेत तर आयनिक द्रव सुरुवातीला भांड्यात नसतोच. अल्कॉक्सी फेनिल फॉस्फीन हे फॉस्फरसयुक्त संयुग तयार होताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो. तो पकडायला ट्रायएथिल अमीन वापरले की घन क्षाराचा दाट रबडा होऊन गाळणे जिकिरीचे होते. त्याऐवजी मेथिल इमिडाझोल घातले की त्याचा क्षार सुमारे ७५ अंशांना वितळणारा असल्याने अभिक्रियेच्या तापमानाला तो द्रवरूपात वेगळा थर धरतो, आणि दोन थर वेगळे काढले की काम झाले. याला द्रावक म्हणणे हास्यास्पद ठरेल. तो सहउत्पादित, म्हणजे मुख्य उत्पादिताबरोबर तयार होणारा पदार्थ आहे. याउलट ॲल्युमिनियम क्लोराइडचे प्रमाण निम्म्याहून अधिक असलेले क्लोरोॲल्युमिनेट द्रव १९८६ मध्ये फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रियेसाठी (वलयी संयुगाला नवा गट जोडण्यासाठी) वापरले गेले, तेव्हा एकच द्रव द्रावकही होता आणि उत्प्रेरकही. ऋणायन हायड्रॉक्साइड असेल तर आयनिक द्रव आम्लारी (आम्लाला उदासीन करणारा पदार्थ) म्हणूनही काम करतो.

‘द्रावक आहे, तो अभिक्रियेत पडत नाही’ हे गृहीतच मुळात कच्चे आहे. अनेक आयनिक द्रवांच्या धनायनात असणाऱ्या इमिडाझोलियम वलयातल्या दोन नायट्रोजनांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन आम्लारी काढून नेऊ शकते. बेलिस-हिलमन अभिक्रियेत (तीत आल्डिहाइडला नवा कार्बन-कार्बन बंध जोडतात) असे होऊन तो कार्बन थेट आल्डिहाइडलाच जाऊन चिकटतो आणि अपेक्षित उत्पादिताचा उतारा घसरतो. तेथे बाटलीवर द्रावक असे लिहिलेले असले तरी त्याला अभिक्रियाकारकच म्हणावे लागते, मग ते प्रयोग करणाऱ्याला आवडो वा न आवडो.