माळवद पाडावे की राखावे?

प्रश्न : निलंगा तालुक्यात आमचे आजोबांच्या काळातले दगडमातीचे, माळवदाचे (लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेले) पाचखणी घर आहे. किल्लारीचा भूकंप आठवून मुले म्हणतात की हे घर पाडून स्लॅबचे घर बांधावे. मला मात्र उन्हाळ्यात याच घरात निवांत वाटते, आणि इतके सागवान व घडीव दगड मोडीत काढणे जिवावर येते. पर्यावरणाच्या दृष्टीने योग्य काय?
– एक वाचक, जिल्हा लातूर

उत्तर : आपल्या मुलांची भीती रास्त आहे, आणि ती बाजूला सारून पर्यावरणाचा हिशेब मांडणे मला योग्य वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्या परिसरात जी हजारो माणसे गेली, त्यांतील बहुतेक अशाच घरांच्या ढिगाऱ्याखाली सापडली. तरीही घर पाडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी ती घरे नेमकी का कोसळली हे पाहिले पाहिजे, कारण ती कारणे दूर करण्याचे मार्ग उपलब्ध आहेत.

पहिले कारण भिंतीत आहे. दोन-अडीच फूट जाडीची भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण पुष्कळदा तिला आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे पदर असतात आणि मधल्या पोकळीत दगडांचे तुकडे व माती भरलेली असते. दोन्ही पदरांना सांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घातलेले नसले, तर हादऱ्याने हे पदर एकमेकांपासून सुटतात. ज्या भिंतीला आधीच पोट आले आहे, तिथे हे सुटणे सुरू झाले आहे असे समजावे.

दुसरे कारण डोक्यावर आहे. गळती थांबावी म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर घालायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. जुना थर मात्र सहसा कोणी काढत नाही. दोन फूट जाडीच्या मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे एक टन भरते. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर नऊ टनांच्या आसपास. तेवढ्याच खोलीवरचा पाच इंची स्लॅब तीन टनांच्या घरात जातो. आपल्या माळवदावर आज माती किती आहे, हे साण्याच्या (उजेडासाठी छताला ठेवलेल्या झरोक्याच्या) कडेला पट्टी लावून मोजता येईल. मला वाटते, आपण सर्वांत आधी तेवढेच करावे.

घराचे बळकटीकरण याच दोन ठिकाणी करायचे असते. माती उतरवून जाडी आठ इंचांपर्यंत आणावी आणि पाणी झिरपू नये म्हणून मातीखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे दरवर्षीच्या नव्या थराची गरजच उरत नाही. खांब व तुळई जिथे मिळतात तिथे तिरके लाकडी आधार ठोकावेत. भिंतीत ठरावीक अंतरावर एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडतात, त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई ठेवतात आणि भोक काँक्रीटने भरून घेतात. सुटू पाहणारे पदर त्यामुळे एकत्र बांधले जातात. शिवाय दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर घराभोवती भिंतींना एकत्र बांधणारा आडवा पट्टा द्यावा लागतो. अशा दुरुस्तीसाठी भारतीय मानक १३९३५ आहे. ते हाताळलेल्या अभियंत्याकडून घराची पाहणी करून घ्या, केवळ गवंड्याच्या अंदाजावर विसंबू नका.

पाहणीत भिंती निकामी ठरल्या, तर त्या उतरवाव्या लागतील. मात्र तेव्हाही जेसीबी लावून घर पाडू नये. दगड आणि लाकूड हाताने सोडवून घेतले, तर नवे घर बव्हंशी त्यातूनच उभे राहते : दीड फुटांपेक्षा जाड नसलेली भिंत, दर दोन फूट उंचीवर आरपार दगड, आणि जोते, दार व छत या तीन पातळ्यांवर काँक्रीटचे पट्टे. सिमेंट लागेल, पण पूर्ण आरसीसी घराच्या मानाने पुष्कळ कमी. सिमेंट बनवताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक खुद्द चुनखडीच्या दगडातून, तो भाजताना, बाहेर पडतो; भट्टीचे इंधन बदलले तरी हा भाग टळत नाही. म्हणूनच सिमेंट जिथे जीव वाचवते तिथे ते अवश्य वापरावे, आणि जिथे केवळ सवयीने वापरले जाते तिथे हात आखडावा. राखमिश्रित पीपीसी सिमेंट घरबांधणीला चालते, फक्त त्यावर पाणी मारण्यात काटकसर करू नये.

मुलांचा स्लॅबचाच आग्रह असेल, तर वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेला फिलर स्लॅब सुचवेन. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई पेलते आणि तिथले बरेचसे काँक्रीट नुसते वजन वाढवते; त्या जागी सळयांच्या चौकटीत जुनी मंगळुरी कौले बसवली की काँक्रीट वाचते आणि उष्णतेलाही थोडा अडसर होतो. गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या फुटक्या फरशांचा थर द्यावा. उघडा स्लॅब दिवसभर तापून रात्री झोपायच्या वेळी खोलीत उष्णता सोडतो, आणि आपल्याला माळवदाखाली जो निवांतपणा जाणवतो तो नेमका तिथे हरवतो.

प्रश्न : पुण्यात फ्लॅट घेताना बिल्डरच्या माहितीपत्रकात हरित इमारतीचे प्रमाणपत्र दिसले. त्यावर कितपत विसंबावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : प्रमाणपत्र पाहावे, पण ते इमारतीचे अनेक बाबींवरचे एकत्रित मूल्यमापन असते; आपल्या फ्लॅटला ऊन कसे लागेल हे त्यातून कळत नाही. त्यासाठी नकाशा मागवा आणि पश्चिमेच्या भिंतीवर किती काच आहे ते पाहा. दुपारनंतरचे ऊन तिरपे, क्षितिजाकडे झुकलेल्या सूर्याकडून येते, त्यामुळे खिडकीवरचा आडवा छज्जा तिथे फारसा उपयोगी पडत नाही. उभे आडोसे, जाळी किंवा बाल्कनी हवी. दक्षिणेला मात्र साधा छज्जा पुरतो. निवासी इमारतींसाठी केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा आपल्याकडच्या हवामानासाठी दर चौरस मीटरला १५ वॅट ठेवली आहे. आपल्या इमारतीचा हा आकडा बिल्डरकडे लेखी मागा, आणि फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर असेल तर गच्चीवर उष्णतारोधक थर दिला आहे का, हेही त्याच पत्रात विचारा.