वाचकांचे प्रश्न: जुन्या एअर-कूल्ड गाडीचं ऑइल

प्रश्न: वडिलांची जुनी फोक्सवॅगन बीटल आता मी चालवतो. ऑइल इंजिन गरम असताना बघायचं की थंड असताना, यावर प्रत्येकजण वेगळं सांगतो. सध्या ऑइल डिपस्टिकच्या (लेव्हल मोजायच्या पट्टीच्या) दोन खुणांच्या मधे आहे. मेकॅनिक म्हणतो वरच्या खुणेच्या थोडं वर गेलं तरी चालतं, उलट चांगलंच. खरंय का?

उत्तर: नाही, वरच्या खुणेच्या वर अजिबात जाऊ देऊ नका. जास्त भरलं की फिरणारा क्रँक (इंजिनातला मुख्य दांडा) ऑइल घुसळतो, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि पंपाने फेस ओढला की प्रेशर पडतं. शिवाय जादा ऑइल सीलमधून बाहेर यायला लागतं, मग लोक म्हणतात गाडी लीक करते.

आता कधी बघायचं ते. सगळ्यात सोपं म्हणजे सकाळी, गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी असताना, स्टार्ट करायच्या आधी. आत्ताच चालवून आणली असेल तर बंद करून निदान पाच मिनिटं थांबा, कारण बरंचसं ऑइल तेव्हा वर हेडमधे आणि पॅसेजमधे असतं, ते खाली उतरल्याशिवाय लेव्हल कमीच दिसणार आणि तुम्ही उगाच भरत बसणार. डिपस्टिक काढा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढून मग वाचा. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं ते धरू नका. जागेला जरा जरी उतार असेल तरी आकडा खोटा येतो, हे इंजिन आडवं आणि चपटं आहे म्हणून इथे उताराचा फरक चटकन पडतो.

दोन खुणांच्या मधे आहे म्हणजे गाडी चालवायला हरकत नाही, पण मी असतो तर वरच्या खुणेपर्यंत आणलं असतं. कारण सांगतो. या इंजिनात एकूण ऑइलच अडीच लिटर. रेडिएटर नाही, पाणी नाही, उष्णता काढायचं काम हवा आणि ऑइल दोघांनी मिळून करायचं. पंख्याच्या हवेच्या वाटेतच ऑइल कूलर बसवलाय तो त्यासाठीच. अशा गाडीत अर्धा लिटर कमी म्हणजे पाचवा हिस्सा गेला, उरलेलं ऑइल जास्त तापतं, जास्त तापलं की पातळ होतं, पातळ झालं की बेअरिंगला (फिरत्या दांड्याच्या आधाराला) प्रेशर कमी. घाटात आणि उन्हाळ्यात हे पहिल्यांदा कळतं. म्हणून पेट्रोल भराल तेव्हा डिपस्टिक बघायची सवय लावाच.

भरताना एकदम ओतू नका, पाव लिटरच्या आत घाला, दोन-तीन मिनिटं थांबा, परत बघा. झाकण घट्ट लावलंय ना आणि डिपस्टिक शेवटपर्यंत बसलीये ना हे बघूनच डिकी बंद करा, म्हणजे मागची, इंजिनाची.

आणि एक, डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या दिव्यावर विसंबू नका. तो लेव्हल दाखवत नाही, प्रेशर दाखवतो, तो लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. चालत्या गाडीत लागला तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद, घरापर्यंत नेऊ असा विचारसुद्धा नको. जनरेटरचा दिवा लागला तरी थांबायचंच, कारण जनरेटर फिरवणारा बेल्टच पंखाही फिरवतो, बेल्ट तुटला की हवा बंद.

प्रश्न: माझ्याही बीटलमधे ऑइल न घालता लेव्हल वाढलेली दिसते. असं होऊ शकतं?

उत्तर: होऊ शकतं आणि हे हलक्यात घ्यायचं नाही. डिपस्टिक नाकाजवळ धरून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल ऑइलमधे उतरतंय. बहुतेक वेळा फ्युएल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) फाटलेला असतो, नाहीतर कार्ब्युरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन सिलिंडरमधून खाली जातं. इंजिन स्टार्ट करू नका, जवळ काडी-सिगरेट नको. आधी कारण दुरुस्त करा, मग सगळं ऑइल बदला, कारण पेट्रोल मिसळलेलं ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही.

ऑइल बदलताना खालची जाळी काढून धुवायची हे विसरू नका. मूळ इंजिनात फिल्टर नाही, ती जाळीच सगळं काही. प्लेटला सहा छोटे नट असतात, गॅस्केट आणि वॉशर नवीन घाला, आणि नट हळूच आवळा. इंजिनाची बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे, जोर लावला की स्टड (नट ज्यावर बसतो तो दांडा) आटे घेऊन बाहेर येतो आणि मग साधं ऑइल बदलणं मोठ्या कामावर जातं. लीक होऊ नये म्हणून अजून एक पिळा मारणारे मेकॅनिक बघितले की मला फार वाईट वाटतं.

प्रश्न: जुनी कास्ट आयर्न (बिडाच्या सिलिंडरची) बुलेट आहे. महिनाभर उभी होती, आता डिपस्टिकला ऑइलच लागत नाही. भरू का?

उत्तर: थांबा, अजून भरू नका! खाली गळालेलं दिसत नसेल तर ऑइल बहुतेक गाडीतच आहे. बुलेटमधे ऑइल इंजिनाच्याच बॉडीतल्या वेगळ्या कप्प्यात, म्हणजे टाकीत, राहतं आणि पंप ते फिरवून परत टाकीत आणतो. खूप दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल झिरपून क्रँककेसमधे (क्रँक फिरतो त्या भागात) जमतं, टाकी रिकामी वाटते. तशात भरलं तर स्टार्ट केल्यावर जादा ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर फेकलं जाणार. आधी थोडंसं ऑइल टाकीत घालून पंपाला ओढायला काहीतरी द्या, गाडी स्टार्ट करून काही मिनिटं हळू चालू ठेवा, मग बंद करून मेन स्टँडवर लगेच लेव्हल बघा. तेव्हाही कमी असेल तरच भरा.

म्हणजे बीटलला थांबून बघायचं आणि बुलेटला चालवून, दोन्ही एअर-कूल्ड असूनही. तुमच्या गाडीचं मॅन्युअल मिळवा, डिपस्टिक आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून हेही त्यात लिहिलेलं असतं.