आयक्यू १३८ आहे म्हणून ऑटिझम नसेलच, असं काही नाही

ताई नमस्कार, मेल मिळाला. मुलगी अकरावी सायन्सला, आयक्यू १३८, गणितात क्लासच्या पुढे पळते पण केमिस्ट्रीच्या व्हायवाला येत असलेलं उत्तरही तोंडातून निघत नाही आणि ग्रुप प्रोजेक्ट म्हटलं की आदल्या रात्रीपासून पोटात दुखतं. तुम्ही विचारताय, एवढी हुशार आहे म्हणजे ऑटिझम नाही ना, आणि तपासलं तर करिअरला डाग लागेल का.

आयक्यू टेस्टवरून ते कळतच नाही हो. ती कोडी, शब्द, स्मरणशक्ती बघते, समोरच्याचा टोमणा कळला का हे नाही बघत. उलट हुशार मुलं, त्यातही मुली, बाकीच्यांचं बघून बघून कधी हसायचं काय बोलायचं ते पाठ करतात, कॉलेजात दिवसभर निभावून नेतात आणि घरी आल्यावर दार लावून घेतात. वाढदिवसाला जायच्या आधी ती काय बोलायचं ते वहीत लिहून काढते असं तुम्ही सहज लिहिलंय, मी तिथेच थांबले. तपासून घ्याच. अर्थात एकाच विषयात बुडणं, मोठ्यांत रमणं हे नुसत्या हुशार मुलांतही असतं, त्यामुळे मेलवरून शिक्का मी तरी मारणार नाही.

नेटवर तुम्ही भरलेली एम-चॅट ही ऑटिझमची प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी असते, ती सोडूनच द्या! दिव्यांग सर्टिफिकेटसाठी आपल्याकडे इसा (ISAA) ही ऑटिझम मोजायची ४० मुद्द्यांची स्केल लावतात, ७० गुणांपासून पुढे ऑटिझम धरतात, पण इतकं सांभाळून घेणारी मुलगी त्याखाली येऊ शकते. म्हणून टीनएजर्सचं काम करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच बघा, जो लहानपणाची सगळी हिस्टरी विचारेल.

डाग वगैरे काही नाही. रिपोर्ट तुमच्या कपाटात राहतो, सर्टिफिकेट काढायचं की नाही ते नंतर तिच्यासोबत ठरवा. २०१६च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त निघालं तर सरकारी कॉलेजात अशा सगळ्या दिव्यांगांसाठी मिळून किमान ५ टक्के जागा राखीव असतात.

बाकी तिला प्युअर मॅथ्स करायचंय तर करू दे, आयसर, सीएमआय या विज्ञान-गणिताच्या संस्थांच्या एंट्रन्स देऊ दे, मिस्टरांना प्लेसमेंटची काळजी आहे ते समजतं पण मला जास्त काळजी हॉस्टेलची वाटते, रूममेट, मेसचा गोंगाट, म्हणून तपासणी बारावीच्या आत उरका. जाताना बालवाडीपासूनची प्रगतिपुस्तकं न्या, मार्कांसाठी नाही, बाईंच्या शेऱ्यांसाठी. आणि 'सहज डॉक्टरकडे जाऊ' म्हणून फसवून नेऊ नका तिला, कुठे, कशाला, किती वेळ ते दोन दिवस आधी नीट सांगा.