९४ वर अडकलेला स्पीड आणि निळी-तपकिरी जोडी

तुमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला २०० मेगाबिटचा. लॅपटॉप थेट राउटरला वायरने जोडला तरी स्पीड टेस्ट ९४ च्या पुढे जात नाही. दुकानदार म्हणतो रॅम वाढवा, नेटवाला म्हणतो नवा राउटर घ्या. आणि लॅन, वॅन, आयपी, डीएनएस हे सगळं डोक्यावरून जातं. शब्दांचं जाता जाता बघू. आधी तो ९४ चा आकडा घेऊ, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे.

स्पीड कधी ६०, कधी १३० असा वरखाली होत असता तर मी वेगळं काही सुचवलं असतं. पण तो ९४-९५ वर ठाण मांडून बसलाय, म्हणजे वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचाच जोड आहे. वायरवरून डेटा पॅकेटांमधून जातो. एक पूर्ण भरलेलं पॅकेट वायरवर १५३८ बाइटची जागा खातं आणि त्यातले तुमच्या कामाचे साधारण १४४८. बाकी पत्ते, तपासणी आणि दोन पॅकेटांमधली मोकळी जागा. भागाकार करून बघा, ९४ टक्केच येतात. १०० च्या जोडावर ९४ म्हणजे तो जोड पूर्ण ताकदीने चालतोय.

आता वायर. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या : केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० एमबीपीएसला केशरी आणि हिरवी एवढ्या दोन जोड्या पुरतात. गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली तर बरीच यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात आणि नेट सुरूच राहतं. त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. माझ्या घरी ही वायर स्लायडिंग खिडकीच्या पट्टीत चेपली होती. मी आधी राउटर बदलला, मग प्लॅन बदलला, आणि वायरकडे सगळ्यात शेवटी बघितलं. तुम्ही उलट्या क्रमाने जा.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट उघडा. तिथे ‘लिंक स्पीड’ दिसेल. १०० असेल तर दुसरी वायर लावून बघा. आवरणावर ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ छापलेलं असावं. १००० झाला तर प्रश्न एका वायरच्या पैशात मिटला. तरीही १०० च असेल तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच, म्हणजे वायर खोचायची जागाच, तेवढी आहे. राउटरच्या खोक्यावर मोठ्ठं ‘१२००’ लिहिलेलं असलं तरी भुलू नका. ती दोन वायफाय पट्ट्यांची बेरीज असते, ३०० अधिक ८६७, वर थोडं गोल केलेलं. पोर्टचा त्याच्याशी काही संबंध नाही.

लिंक १००० आणि टेस्ट मात्र ९४, असं झालं तर दुसरी वायर तपासा : फायबरच्या डब्यापासून राउटरच्या वॅन पोर्टपर्यंतची. वॅन म्हणजे बाहेरच्या बाजूचा पोर्ट, बहुधा वेगळ्या रंगाचा. बाकीचे लॅन, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठी. फायबरचा डबा काचेच्या तारेतला प्रकाश विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो आणि राउटर तो घरभर वाटतो. डब्यावर ‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. तेव्हा घरात खुडबुड न करता सरळ नेटवाल्याला फोन करा.

रॅमचा या दुखण्याशी काही संबंध नाही. रॅम म्हणजे चालू कामाची मेमरी, स्वयंपाकघरातला ओटा; आणि एसएसडी म्हणजे फाइली साठवायची जागा, फडताळ. ओटा लहान असेल तर एकाच वेळी खूप कामं काढता येत नाहीत, इतकंच. ब्राउझरमध्ये तीस टॅब उघडे ठेवून लॅपटॉप गुदमरत असेल तर रॅम जरूर वाढवा, पण ९४ चे २०० त्याने होणार नाहीत.

अजून एक, यावरून लोक नेटवाल्याशी उगाच भांडतात. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सगळं सुरळीत झाल्यावरही डाउनलोड सेकंदाला २५ मेगाबाइटच्या आसपासच दिसेल. ती फसवणूक नाही.

आयपी म्हणजे यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता. तुमच्या लॅपटॉपचा १९२.१६८ ने सुरू होत असेल. तसाच शेजाऱ्यांकडेही असेल, कारण तो घरातल्या घरातच चालतो. बाहेर सगळे राउटरच्या एकाच पत्त्याने वावरतात. डीएनएस नावावरून असा पत्ता शोधून देतो. साइट उघडत नसेल तेव्हा कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग ८.८.८.८’ इंग्रजीत टाइप करा (हा गूगलच्या एका सर्व्हरचा पत्ता). उत्तर आलं पण कुठलीच साइट नावाने उघडली नाही, तर नेट चालू आहे आणि डीएनएस रुसलाय.

वायफायचं मी मुद्दामच काढलं नाही. वायरवर २०० मिळेपर्यंत त्यात हात घालू नका, नाहीतर दोन दुखणी एकमेकांत मिसळतील. लिंक स्पीड किती दिसतो तेवढं आधी कळवा, नवा राउटर घ्यायचा का ते त्यावरून ठरवू.